पायावरची गाठ: कुरूप कोणतं, चामखीळ कोणती आणि पुढे पाठवायचं कोणाला?

उपकेंद्र_ताई

नमस्कार. ऊसपट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पायाला गाठ किंवा टेंगूळ आलेली माणसं रोज येतात आणि बहुतेकांनी आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. कुणी मेडिकलमधून कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी) आणून चिकटवलेली, कुणी ब्लेडने तासलेलं, कुणी बिब्ब्याचा चटका दिलेला. गाठ कोणतीही असो, उपचार हेच तीन.

माझ्याकडे टॉर्च, भिंग, १५ नंबरचं ब्लेड आणि ग्लुकोमीटर एवढंच आहे. एवढ्यावर ओळखायचं कसं, उपकेंद्रावर किती करायचं आणि हात न लावता कुणाला पुढे पाठवायचं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

त्वचा_ओपीडी

ताई, सुरुवात जागेपासून करा. हाडाचा उंचवटा जिथे चपलेला किंवा जमिनीला घासतो तिथेच कुरूप आणि घट्टा होतो. म्हणजे बोटांच्या मुळाशी तळव्याची गादी, करंगळीची वरची-बाहेरची बाजू, वाकड्या बोटाचा सांधा, अंगठ्याची आतली कड. तळव्याच्या खोलगट भागात, जिथे वजन पडतच नाही, तिथे कुणी 'कुरूप' दाखवलं तर ते दुसरंच काही असण्याची शक्यता धरून चाला.

मग कातडीच्या रेषा भिंगातून बघा. घट्ट्यावरून तळव्याच्या रेषा तशाच पुढे जातात, फक्त कातडी पिवळट आणि जाड झालेली असते. कुरुपाच्या मधोमध काचेसारखा टणक खुंट असतो. चामखिळीत मात्र रेषा कडेला येऊन तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. त्यानंतर दोन प्रकारे दाबून बघा. कुरूप सरळ वरून दाबलं की माणूस पाय ओढून घेतो. चामखीळ दोन बोटांत धरून बाजूने चिमटली की जास्त दुखते. ही खूण शंभर टक्के नाही, पण रेषांबरोबर धरली तर सहसा चुकवत नाही.

तरी शंका राहिली तर वरचा मेलेला थर १५ नंबरच्या ब्लेडने कातडीला समांतर, पातळ पातळ काढा. कुरुपात अर्धपारदर्शक खुंट दिसतो. चामखिळीत काळे-तांबडे ठिपके दिसतात आणि टिपून रक्त येतं. ते ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. लोक त्यांना 'चामखिळीची मुळं' समजून खणत बसतात. चामखिळीला मूळ नसतं. ती विषाणूमुळे वरच्या कातडीतच वाढते, आणि खोल खणलं की व्रण राहतो. तो व्रण तळव्यावर आयुष्यभर खुपतो.

उपचारात कॉर्न कॅपबद्दल आधी सांगतो, कारण गोंधळ तिथेच आहे. तिच्या मधल्या चकतीत बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते जाड कातडी आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. चालताना कॅप अर्धा सेंटिमीटर सरकली की औषध चांगल्या कातडीवर बसतं आणि तिथे पांढरी, ओली, सोललेली जखम होते. साखर नसलेल्या, पायाला पूर्ण संवेदना आणि चांगला रक्तपुरवठा असलेल्या माणसाने वापरायला हरकत नाही, पण पद्धतीने. पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, वज्रीने हलकं घासायचं, पूर्ण कोरडा करायचा, कुरुपाच्या भोवती व्हॅसलिन लावायचं, कॅप बरोबर मध्यावर बसवून वर चिकटपट्टी लावायची. ४८ तासांनी बदलायची. दोन आठवड्यांत फरक नाही तर थांबायचं.

कुरूप मात्र परत येतंच, जर ज्या चपलेने ते झालं तीच पायात राहिली तर. काटा आत राहिला म्हणून कुरूप होतं, हा समज गावोगाव आहे आणि त्यापायी लोक काटा शोधत खोल कापत जातात. कुरूप दाबाने होतं. काट्यामुळे होणारी गाठ वेगळी असते, त्याबद्दल शल्यचिकित्सक लिहितीलच.

चामखिळीला घरी लावायला सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड प्रत्येकी १६.७ टक्के असलेलं, वाळल्यावर पापुद्रा धरणारं औषध मिळतं. रोज रात्री वरच्यासारखंच भिजवणं, घासणं, भोवती व्हॅसलिन, मग एक थेंब, वाळू द्यायचा, वर पट्टी. सलग १२ आठवडे. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणतात. कातडी लाल होऊन झोंबू लागली तर तीन-चार दिवस सुट्टी द्यायची आणि पुन्हा सुरू करायचं. त्या माणसाची वज्री वेगळी ठेवायला सांगा. एकाच वज्रीने घरातल्या सगळ्यांनी पाय घासले की विषाणू पायांवरून पायांवर जातो. लहान मुलांची चामखीळ दुखत नसेल तर काही न करणंही योग्यच, बरीचशी दोनेक वर्षांत आपोआप जाते.

एक चूक फार वेळा दिसते. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, दुखरं काहीतरी असतं आणि त्याला चिखल्या समजून महिनोन्महिने बुरशीचं मलम चालू असतं. चिखल्या सहसा एकापेक्षा जास्त बेचक्यांत पसरतात, खाजतात, कातडी सोलते. एकाच जागी टणक मध्य असलेलं आणि दोन बोटं एकमेकांवर दाबली की कळ येणारं असेल तर ते मऊ कुरूप आहे. तिथे ॲसिड अजिबात नको. बेचका कोरडा ठेवायचा आणि दोन बोटांत कापसाची सैल वळी किंवा सिलिकॉनचा तुकडा ठेवायचा.

हाडवैद्यक_नागपूर

वरच्या उत्तरात कातडीचं सगळं आलं. मी कातडीखालच्या गाठींचं लिहितो. इथे पहिला प्रश्न: वरची कातडी चिमटीत धरून गाठीवरून सरकते का? सरकत असेल तर गाठ खाली आहे आणि तिथे कॉर्न कॅपचं काहीच काम नाही.

पायाच्या वरच्या बाजूला किंवा घोट्यासमोर गुळगुळीत, गोल, रबरासारखी ताणलेली, कधी मोठी कधी लहान होणारी गाठ बहुधा गँग्लियन. आत घट्ट जेलीसारखा द्रव असतो. अंधारात टॉर्च बाजूने टेकवला की गाठ आतून उजळते. न उजळणारी गाठ घन समजा. दुखत नसेल तर तसंच ठेवलेलं चालतं. जाड सुईने द्रव काढता येतो, पण तो पुन्हा भरणं फार सामान्य आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरही काही जणांत परत येते. दगडाने किंवा जाड पुस्तकाने ठेचून फोडण्याचा जुना प्रकार करू देऊ नका. पायाच्या वरच्या बाजूची हाडं बारीक असतात.

तळव्याच्या खोलगट भागात, आतल्या कडेला, बोटं वर ताणली की जास्त स्पष्ट होणारी टणक, न सरकणारी गाठ तळव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या तंतूंची असते. तिला प्लँटर फायब्रोमा म्हणतात. ती कर्करोग नाही, हळूहळू वाढते, दोन्ही पायांत असू शकते. अशा माणसाचे तळहातही बघा, अनामिका किंवा करंगळीखाली तशाच गाठी किंवा वाकलेलं बोट सापडू शकतं. ही गाठ नुसती कापून काढली तर परत येण्याचं प्रमाण मोठं असतं, म्हणून आधी चपलेत तिच्यासाठी खळगा करून बघतात.

टाचेच्या कडेने उभं राहिल्यावर मसुराएवढे मऊ फुगवटे दिसतात आणि पाय उचलला की नाहीसे होतात. ती टाचेच्या गादीतली चरबी आहे. फक्त धीर द्यायचा.

नखाखाली, बहुधा अंगठ्याच्या, नख वर उचलणारा दगडासारखा टणक कोंब असेल तर तो हाडाचा असू शकतो. चामखीळ म्हणून जाळत बसण्याआधी एक एक्स-रे काढा.

आता काटा. बाभळीचा काटा आत मोडला की काही आठवड्यांनी तिथे दुखरी गाठ येते, फुटते, पू येतो, भरते आणि पुन्हा फुटते. लाकूड साध्या एक्स-रेत दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे, काटा नाही' हे वाक्य म्हणूनच फसवं. वरवरच्या भागासाठीच्या प्रोबने सोनोग्राफी केली तर काटा चांगला दिसतो, आणि चिठ्ठीवर 'काटा मोडल्याचा इतिहास' असं लिहिलंत तरच सोनोग्राफी करणारा तो शोधेल. रुईचा चीक लावून काटा वर येत नाही, कातडी मात्र भाजते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारा.

ज्याला कुणीही उपकेंद्रावर किंवा ग्रामीण रुग्णालयात सुरी लावू नये अशी गाठ: खोल, घट्ट, काही महिन्यांत वाढलेली, किंवा रात्री आराम करतानाही दुखणारी. ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ धोक्याची, हा नियम मांडीसाठी ठीक आहे. पायात जागाच कमी असते, तिथे २ सेंटिमीटरची गाठसुद्धा सार्कोमा (हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) असू शकते, आणि तरुण माणसातही. आधी एमआरआय, मग जो पुढची शस्त्रक्रिया करणार आहे त्यानेच ठरवलेल्या जागेतून तपासणीसाठी तुकडा. घाईने अर्धवट काढलेली गाठ पुढचं सगळं अवघड करून ठेवते, कधी कधी त्यापायी वाचू शकणारा पाय जातो.

चप्पल_तंत्रज्ञ

मी कुष्ठरोगी आणि मधुमेही लोकांसाठी पादत्राणं बनवण्याचं काम करतो. औषधाचं बोलणार नाही.

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला आलेला हाडाचा उंचवटा, ज्यात अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकतो, तो वाढलेलं हाड कमी आणि सरकलेला सांधा जास्त असतो. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी अंगठा कायमचा सरळ होत नाही. बांधून ठेवेपर्यंत बरं वाटतं, इतकंच. त्याऐवजी हे करा: माणसाला कागदावर उभं करून पायाची रेघ काढा आणि त्याची रोजची चप्पल किंवा बूट त्यावर ठेवा. बुटाबाहेर पायाची रेघ दिसली की कारण सापडलं. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, मोजमाप तेव्हाच घ्या. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटरभर जागा हवी. अंगठ्याची चप्पल असेल तर अंगठ्याची कडी त्या उंचवट्यावर घासते का ते बघा. घासत असेल तर रुंद, जुळवता येणाऱ्या पट्ट्याची घ्यायला सांगा.

टाचेच्या मागे वरच्या बाजूला कडक उंचवटा असेल तर मागून ताठ असलेला बूट बंद. मागे उघडी चप्पल घालायची, आणि बूट घालावाच लागत असेल तर दोन्ही पायांत टाचेखाली ६ ते १० मिलिमीटरची पाचर. एकाच पायात घातली तर कंबर बोलायला लागते.

दाब नेमका कुठे पडतो ते शोधायला ओलं कुंकू गाठीवर लावून माणसाला चपलेत उभं करा. ठसा उमटतो तिथेच खालच्या थरात खळगा करायचा, वरचा मऊ थर अखंड ठेवायचा. तळव्याच्या गादीखालच्या कुरुपासाठी जी पॅड लावतात ती कुरुपाखाली लावायची नसते. ती त्याच्या *मागे*, टाचेच्या बाजूला बसली पाहिजे, म्हणजे हाड उचललं जातं. बाजारातली चिकटवायची पॅड दहातली नऊ माणसं नेमकी दुखऱ्या जागेवर चिकटवतात आणि दाब वाढवून घेतात.

आणि गोल भोक पाडलेली फेल्टची कडी बधिर पायाला नको. भोकातून मांस खाली फुगतं आणि कडेने कापलं जातं. घोड्याच्या नालेसारखा एका बाजूने उघडा आकार कापा.

उपकेंद्र_ताई

खूप आभार. आता दोन प्रश्न नेमके.

१. साखर असलेल्या माणसाचं कुरूप. वर कॅप फक्त साखर नसलेल्यांसाठी सांगितली आहे. मग मी करू काय?

२. ऊसतोडीचं काम करणारा, चाळिशीचा माणूस. पायाच्या वरच्या बाजूला दोन वर्षांपासून सूज, टणक, दुखत नाही. त्यावर तीन बारीक छिद्रं, त्यातून अधूनमधून पाणी आणि बारीक दाण्यासारखं काही येतं. दोन वेळा 'गळू' म्हणून चिरून झालं आहे. साखर नॉर्मल.

हाडवैद्यक_नागपूर

दुसऱ्याचं आधी. न दुखणारी सूज, छिद्रं आणि दाणे, ही त्रयी म्हणजे मायसेटोमा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. यालाच मदुरा फूट म्हणतात, कारण १८४२ मध्ये मदुराईतून याची नोंद झाली. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी यामागे बुरशी असल्याचं दाखवून 'मायसेटोमा' हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. अनवाणी शेतात काम, काट्याची जखम, मग वर्षभराने गाठ, हाच क्रम.

दुखत नाही म्हणूनच हा रोग पाय खातो. माणूस कामावर जात राहतो आणि आत रोग हाडापर्यंत पोचतो. दुखायला लागतं ते बहुधा हाड धरल्यावर किंवा दुसरा जंतुसंसर्ग वर बसल्यावर.

तिसऱ्यांदा चिरू देऊ नका. हा पू भरलेला गळू नाही, चिरून काहीच सुटत नाही. तुम्ही करायचं ते दाणे गोळा करणं: संध्याकाळी छिद्रांवर निर्जंतुक गॉज बांधा, सकाळी उघडा, गॉजवर दाणे अडकलेले दिसतील. रंग लिहून ठेवा. काळे दाणे असतील तर जवळजवळ नक्की बुरशी. लाल असतील तर जीवाणू. पांढरे-पिवळे असतील तर दोन्हींपैकी काहीही. दाणे निर्जंतुक सलाइनच्या बाटलीत घालून रुग्णाबरोबर पाठवा. फॉर्मेलिनमध्ये टाकलेत तर कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) होणार नाही.

रंगावर एवढा भर का, तर उपचार वेगळे आहेत. जीवाणूचा मायसेटोमा कोट्रायमॉक्साझोल, ॲमिकेसिन अशा प्रतिजैविकांना चांगला प्रतिसाद देतो, बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय. बुरशीच्या प्रकाराला इट्राकोनाझोलसारखं औषध महिनोन्महिने, बहुधा वर्षभर किंवा जास्त, आणि बरोबर शस्त्रक्रिया लागते. उलटसुलट दिलं तर वर्ष वाया जातं. म्हणून ग्रामीण रुग्णालयात न थांबवता जिथे त्वचारोग, अस्थिरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र तिन्ही आहेत अशा मेडिकल कॉलेजला पाठवा. एक्स-रे, एमआरआय आणि खोलवरचा तुकडा लागेल. वरवरच्या पुसणीवर निदान होत नाही.

त्वचा_ओपीडी

पहिल्या प्रश्नाचं. साखर असलेल्या माणसाच्या कुरुपाला हात लावण्याआधी संवेदना तपासा. यंत्र लागत नाही. त्याचे डोळे मिटवा, दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला तर्जनीने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोकायचं नाही, दुसऱ्यांदा स्पर्श करायचा नाही. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना गेली आहे असं धरा. कुष्ठरोगातही असाच धोका असतो, म्हणून साखर नॉर्मल असूनही बधिर असेल तर फिकट चट्टे आणि जाड झालेल्या नसा बघा.

बधिर पायावरचं जाड कुरूप म्हणजे खाली झाकलेला व्रण असू शकतो. त्यात काळसर-तांबडी छटा दिसली तर खाली रक्त साकळलं आहे. अशा पायाला ना कॅप, ना बिब्बा, ना घरचं ब्लेड. २० ते २५ टक्के युरियाचं मलम रोज लावायचं (बेचक्यात आणि भेगेच्या आत नको), चपलेतला दाब कमी करायचा, आणि जाड थर शिकलेल्या हातानेच काढायचा.

आणखी एक, जे चुकतं तेव्हा फार महागात पडतं: साखर असलेल्या माणसाचा एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागला, पण दुखत नाही किंवा थोडंच दुखतं, ताप नाही. याला 'वात' किंवा संसर्ग म्हणून गोळ्या देऊन चालायला लावू नका. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्या पायावर वजन बंद, त्याच दिवशी रेफर. उशीर झाला तर तळव्याच्या मधोमध हाडाचं टेंगूळ तयार होतं आणि त्यावर व्रण.

चप्पल_तंत्रज्ञ

युरियाबद्दल एक दुरुस्ती नाही, भर. मलम लावून लगेच चप्पल घालू देऊ नका. पाय सरकतो आणि नवीन जागी घासतो. रात्री लावायला सांगा. बधिर पायासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा आतला थर आणि कडक बाहेरचा तळ असलेली चप्पल कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळते, जिल्ह्याला विचारा. तळात खिळे ठोकलेली चप्पल अशा पायात जाऊच देऊ नका. शिवलेली किंवा चिकटवलेलीच.

प्रयोगशाळा_सोलापूर

अंगठ्याच्या गाठीबद्दल कुणी गाऊट (सांध्यात यूरिक ॲसिडचे खडे साठून होणारा आजार) लिहिला नाही म्हणून. रात्रीत अंगठ्याचं मूळ लालभडक, चादरीचाही स्पर्श सहन होत नाही, असा झटका असेल तर तो बहुधा गाऊट. त्या वेळी काढलेलं यूरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा काढा. सांध्याभोवती पांढुरक्या, खडूसारखा पदार्थ भरलेल्या टणक गाठी बहुधा वर्षानुवर्षं न आवरलेल्या यूरिक ॲसिडच्या असतात. त्या फोडू नका, जखम महिनोन्महिने भरत नाही. अशा गाठी असतील तर रक्तातलं प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं लक्ष्य असतं, मग त्या हळूहळू विरघळतात. आणि उलट: नुसता अहवालात ७.२ आला आणि सांध्याचं काहीच नाही, तर तो आकडा बघून गोळी सुरू करायची नसते.

त्वचा_ओपीडी

काळा डाग राहिला. तळव्यावर किंवा नखाखाली नवीन आलेला, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा-तपकिरी डाग, किंवा 'चामखीळ' जी उपचाराने जात नाही आणि ओली राहून रक्त येतं, अशांचा तुकडा तपासायलाच हवा. गडद कातडीच्या लोकांत मेलॅनोमा (कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग) झाला तर तो तळव्यावर आणि नखाखालीच जास्त सापडतो. धावण्याने किंवा ठेचेने साकळलेलं रक्तही काळं दिसतं, पण वरचा थर पातळ काढला की ते त्याच्याबरोबर निघून जातं. न निघाल्यास पुढे खरडत बसू नका, पाठवा.

उपकेंद्र_ताई

सगळं वहीत उतरवून घेतलं. त्या ऊसतोड कामगाराच्या छिद्रांवर आज संध्याकाळी गॉज बांधते. एक शेवटचं: बाहेरच्या घोट्यावर काळी, जाड, कधी आत पाणी भरल्यासारखी मऊ गाठ. शिवणकाम करणाऱ्या आणि भजनी मंडळातल्या कितीतरी जणांना आहे.

हाडवैद्यक_नागपूर

मांडी घालून बसण्याची गाठ. घोट्याचं हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडी रोज तासन्‌तास दाबली जाते, त्याने ती जाड आणि काळी होते, आणि खाली पाण्याची पिशवी धरते. लाल, गरम किंवा दुखरी नसेल तर सुई घालू नका. आतलं पाणी निर्जंतुक असतं, सुईने जंतू आत जातात. चार बोटं जाडीची सतरंजी किंवा फोम, दर अर्ध्या तासाला पाय बदलणं, जमत असेल तर पाट किंवा स्टूल. पाणी सहसा काही आठवड्यांत ओसरतं, काळेपणा मात्र बरेच महिने राहतो, तो जात नाही म्हणून घाबरवू नका.